विहिणीला शुद्धिपत्र

एकतीस वर्षं मी एका छापखान्यात प्रूफरीडर होते. शाळेची पुस्तकं, औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती माहितीपत्रकं, यंत्रांच्या सूचना, जे हाती पडेल ते तपासलं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्यासाठी शाबासकी घ्यायची, असं काम फार वर्षं केलं की स्वभावाचं जे व्हायचं ते होतं. आमचे हे म्हणतात, "तुझ्याशी बोलताना मी ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सांभाळून बोलतो." सांभाळतात कसले, निम्मे चुकतात. पण ते असो. आज सांगतेय ती माझीच चूक आहे.

आमची एकुलती एक लेक दीड वर्षापूर्वी लग्न करून दूरदेशी गेली. जावई गुणी आहे, हसरा आहे. घरात स्पॅनिश बोलतात. त्याची आई, म्हणजे माझी विहीण, त्याच इमारतीत तळमजल्यावर पडदे शिवायचं दुकान चालवते. वर लेक-जावई, खाली विहीणबाई. दोघी रोज भेटतात. मला याचा आधार वाटायला हवा होता. पण लेकीची एक खोड मला ठाऊक होती आणि विहिणीला ठाऊक नव्हती, आणि तेवढ्यावरून माझा जीव टांगणीला लागला होता.

लेक दुखणं अंगावर काढते. ताप असो, दाढ असो, पाय मुरगळलेला असो, हूं की चूं करत नाही. उलट गप्प होते आणि घर आवरायला घेते. अकरा वर्षांची असताना एका रविवारी तिने सकाळपासून चपलांचं कपाट काढलं. एकेक जोड पुसून मापाप्रमाणे लावत बसली. मी समोरच टेबलाशी भूगोलाच्या पुस्तकाची प्रुफं तपासत होते. मनात म्हटलं, काय शहाणी पोर आहे माझी. दुपारी ती त्या चपलांशेजारीच आडवी झाली. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटायला आलं होतं, आणखी दोन तास गेले असते तर. पुढचं ते बोलले नाहीत. त्या दिवशी मी भूगोलाचे सत्तावीस स्वल्पविराम पकडले होते आणि समोर बसलेलं माझं मूल मला दिसलं नव्हतं. याची लाज मला अजून वाटते.

तेव्हापासून ती गप्प झाली आणि हातात फडकं दिसलं, की मी आधी तिच्या कपाळाला हात लावायची. ती हात झटकून "काही नाही गं" म्हणायची आणि थर्मामीटर एकशे दोन दाखवायचा. लग्न होईपर्यंत आमचं हे असंच चाललं. आता तिकडे हात लावणार कोण? जावई बिचारा सकाळी जातो तो संध्याकाळी येतो, आणि त्याच्यासमोर तर ती ठणठणीत असल्याचं सोंग हमखास करणार. उरली विहीण.

एकदा व्हिडिओ कॉलवर तिघी समोरासमोर होतो, तेव्हा मी लेकीला म्हटलं, "सांग त्यांना, ही दुखलं तरी बोलत नाही, हिच्याकडे लक्ष असू द्या." लेकीने तीन-चार शब्दांत काहीतरी सांगितलं. विहीणबाई खळखळून हसल्या आणि मान डोलावली.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, की मी कपाटं छान आवरते."

म्हणजे दुभाषी म्हणून ही कामाची नाही. मग फोनमधल्या भाषांतराकडे वळले. त्यात लिहिलं, "माझी मुलगी दुखणं अंगावर काढते." स्पॅनिश आलं. पण तपासल्याशिवाय पुढे पाठवायची मला सवय नाही, म्हणून तेच उलटं मराठीत करून पाहिलं. आलं असं : "माझी मुलगी दुखते तेव्हा अंगावरचे कपडे काढते." हे विहिणीकडे गेलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. हे पोट धरून हसले. मी फोन पालथा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं.

वर्गात आम्ही सहा जण. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मी तिला मॅडम म्हणायची आणि ती मला काकू. शिकताना मी फार त्रासदायक विद्यार्थिनी असणार, कारण फळ्यावर तिचं एखादं टिंब राहिलं तरी माझा हात वर जायचा. "काकू, थांबा, देतेय," ती म्हणायची. पण आठ महिन्यांत मी बरीच मजल मारली. बोलताना अडखळायची, लिहिताना नाही.

आणि मग ती क्रियापदं आली. मॅडम म्हणाली, "एखादी गोष्ट घडते, घडली, असं नुसतं सांगायचं असेल तर क्रियापदाचं रूप साधं. पण घडावी असं वाटतंय, घडू नये अशी भीती आहे, घडेल की नाही शंका आहे, कुणाला विनंती करायचीय, की रूप बदललं. शेवटच्या 'आ'चा 'ए' होतो."

मी वहीत लिहिता लिहिता थांबले. हा तर आपला विध्यर्थ! यावं, जावं, जेवावं, फोन करावा, थंडीत डोकं झाकावं. लेक गेल्यापासून माझ्या तोंडी दुसरं होतं काय? विहिणीला मला जे सांगायचं होतं, ते सगळंच्या सगळं या एका रूपात बसत होतं.

"आता यात एक गंमत आहे," मॅडम म्हणाली. "तोका म्हणजे तो हात लावतो. त्याने हात लावावा, म्हणजे तोके. बोलायला सोपं. पण लिहिताना सी या अक्षराची खोड अशी, की 'आ'च्या आधी ते 'क' म्हणतं आणि 'ए'च्या आधी 'स'. नुसता 'आ'चा 'ए' केलात तर 'क' हातचा जाईल. म्हणून सी काढायचा आणि तिथे क्यू-यू बसवायचे. 'क' टिकावा म्हणून अक्षर बदलायचं."

जी या अक्षराचंही तसंच. पोचणं म्हणजे येगार, पोचावं म्हणजे येगे. मध्ये यू घातला नाही, तर 'ग' जाऊन घशातून 'ह' येतो. मला हे सगळं फार आवडलं. आपल्याकडे फूलचं फुलाला होतं, तेव्हा उच्चारही आखूड होतो. इथे उच्चार जागचा हलू नये म्हणून अक्षराची हलवाहलव. घरी मी मोठमोठ्याने घोकत बसायची. "येगे, येगे!"

"आलो, आलो!" हे स्वयंपाकघरातून ओरडायचे. "ये गं ये गं काय करतेस, मी बाई आहे का?"

पुढच्या आठवड्यात मी पत्र लिहायला बसले. फोनवर लिहिलं असतं, पण त्या दोघींचे फोन सारखे एकमेकींच्या हातात असतात. लेकीच्या नजरेला पडलं असतं तर तिने ते तिथेच पुसलं असतं. शिवाय महत्त्वाचं ते कागदावर असावं, असं मला वाटतं. तीन दिवस कच्चं लिहीत होते. चौथ्या दिवशी पक्कं केलं. दोन पानं झाली. आधी विहीणबाईंची तब्येत, दुकान, मग लेकीचं अपेंडिक्स, चपलांचं कपाट, माझे स्वल्पविराम. आणि दुसऱ्या पानावर, जिच्यासाठी आठ महिने खपले होते ती ओळ. "ती गप्प होऊन कपाटं आवरू लागली, तर तुम्ही तिच्या कपाळाला हात लावावा, अशी माझी इच्छा आहे."

मॅडमला दाखवावं असं क्षणभर मनात आलं. छापखान्यात आमचा नियमच होता, आपलं लिहिलेलं आपण तपासायचं नाही. आपल्याला कागदावरचं दिसत नाही, मनातलं दिसतं. पण त्या पत्रात माझी लाज होती. तिसऱ्या माणसाने ते वाचायला नको होतं. मी स्वतःच चारदा तपासलं आणि पेटीत टाकलं.

बुधवारी वर्गात उजळणी होती. मॅडमने फळ्यावर 'तोके' लिहिलं आणि खाली क्यू-यूला दोन रेघा मारल्या. मी त्या रेघांकडे पाहत राहिले आणि मनातल्या मनात माझं पत्र वाचू लागले. पोचावं, शोधावं, दिवा मालवावा, सगळीकडे अक्षर बदललेलं मला आठवत होतं. त्या एका ओळीत मी सी तसाच ठेवला होता. छापखान्यात हे नेहमी घडायचं. आत बारीक टाइपातला काना पकडायचे आणि मुखपृष्ठावरचं पुस्तकाचं नाव चुकलेलं कुणाच्या लक्षात यायचं नाही.

मी हात वर केला. "मॅडम, तिथे कुणी सीच ठेवला तर?"

"तसं रूप नाही, काकू."

"पण वाचलं कसं जाईल?"

"वाचलं तर तोसे." तिला हसू आलं. "तोसे म्हणजे खोकतो."

वर्ग हसला. मी मनात ओळ जुळवली. ती गप्प होऊन कपाटं आवरू लागली, तर तुम्ही तिच्या कपाळाला खोकावं, अशी माझी इच्छा आहे. मला रडूच आलं. एकतीस वर्षं दुनियेच्या चुका काढल्या आणि आयुष्यात जे एक वाक्य बिनचूक जायला हवं होतं ते असं गेलं.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ते नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, "अगं, पुस्तकात चूक राहिली तर तुम्ही काय करत होता?"

"शुद्धिपत्र जोडत होतो."

"मग जोड की."

त्याच संध्याकाळी मी अर्ध्या कागदावर शुद्धिपत्र तयार केलं. पान दुसरे, ओळ सातवी, अमुकऐवजी तमुक वाचावे. खाली सही केली, पाकिटात तेवढी चिठ्ठी घातली, आणि सकाळी टपालात टाकलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. तीन आठवडे टपालाचे धरले. चार झाले, सहा झाले. रविवारच्या कॉलवर विहीणबाई मागून यायच्या, नाकावर चष्मा, गळ्यात मोजपट्टी, हात हलवायच्या, हसायच्या, जायच्या. पत्राचं नावही नाही. लेकीला आडून विचारलं, "त्यांना काही टपाल आलं का गं?" ती म्हणाली, "माहीत नाही, का?" मी म्हटलं, "सहज."

आठव्या आठवड्यात विहिणीकडून पार्सल आलं. आत दोन उशांचे अभ्रे, निळ्या कापडाचे, शिवण अशी की सुई कुठे आत गेली आणि कुठे बाहेर आली ते भिंग लावून दिसू नये. मी अभ्रे उलटेसुलटे केले, खोका झटकला. एक ओळ नाही. माझं डोकंच सणकलं.

"दोन शब्द खरडायला काय हात मोडले होते?" मी ह्यांना म्हटलं. "शिष्ट बाई! माझ्या चुकांना हसली असेल आणि पत्र ठेवून दिलं असेल."

"अभ्रे चांगले आहेत," हे म्हणाले.

"अभ्रे मागितले होते का मी?"

मी ते कपाटात वरच्या फळीवर टाकले आणि पुढच्या बुधवारी वर्गाला गेले नाही. कशाला जायचं? माझं म्हणणं पोचलं नव्हतं. तिकडे लेक आजारी पडली असती, तर मला ते सगळं उरकल्यावर कळलं असतं, तेही कळलं तर.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, मंगळवारी दुपारी, मी भांडी पुसत असताना फोन आला. लेकीचा. ती रविवारखेरीज फोन करत नाही.

"आई, तू सासूबाईंना पत्र पाठवलंस?"

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "हो. का? त्या काही बोलल्या?"

"काल मला दुकानात बोलावलं त्यांनी. दोऱ्यांच्या खणातून दोन पाकिटं काढली. दोन्ही बंद. म्हणाल्या, वाचून दाखव."

"बंद? इतके दिवस उघडलीसुद्धा नाहीत?"

"आई, ऐक ना. मी म्हटलं, चष्मा तर डोळ्यांवरच आहे तुमच्या. तर त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. साधी काच आहे गं. नंबरच नाही त्याला. त्यांना वाचता येत नाही. शाळेत गेल्याच नाहीत. आकडे येतात, मापं लिहितात, गिऱ्हाईक ओळखायला दोऱ्याच्या रंगाची खूण करतात. सासऱ्यांना माहीत होतं, ते गेले. आता कुणालाच माहीत नाही. यालाही नाही, त्यांच्या मुलाला. याने 'आई, वाच' म्हटलं की डोळे चुरचुरतात सांगायचं, आणि मग तो वाचून दाखवतो. पण तिकिटावरून पत्र तुझं असणार हे कळलं, म्हणून त्यांना त्याच्याकडून वाचून घ्यायचं नव्हतं. आयांमधलं काहीतरी असेल म्हणाल्या. शेवटी धीर करून मला सांगितलं."

मी खुर्चीवर बसले. जिला मी शिष्ट म्हणत होते, तिने दोन महिने माझं पत्र दोऱ्यांच्या खणात जपून ठेवलं होतं. ज्याला शुद्ध लिहिता येत नाही त्याला मी जन्मभर कमी लेखलं. आणि हिच्याकडून मी शुद्धिपत्र वाचण्याची अपेक्षा करत होते. मला स्वतःचाच राग आला.

"मग वाचलंस?" मी विचारलं.

"वाचलं. पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर गेले आणि ती कपाळाची ओळ दिसली. खरं सांगू? मनात आलं, गाळून टाकावी. त्यांना काय कळणार होतं? तब्येतीला जपा म्हणून लिहिलंय, असं सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"मग?"

"मग त्यांच्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय बसल्या होत्या. जी गोष्ट आपल्या मुलालाही सांगितली नाही, ती त्यांनी पाच मिनिटांपूर्वी मला सांगितली होती. त्यांना मी खोटं कसं वाचून दाखवू, आई? सगळं वाचलं. चपला, अपेंडिक्स, सगळं. कपाळाला खोकावं, तेही वाचलं."

"अगं, त्याचं शुद्धिपत्र..."

"तेही वाचलं. खूप हसलो आम्ही. मग त्यांनी विचारलं, आईने लिहिलंय ते खरं का? मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, आत्ता दुखतंय का काही?" तिचा आवाज बदलला. "मी नेहमीसारखं नाही म्हणणार होते गं. तोंडातून हो गेलं."

"कुठे? ताप आहे का? पोटात दुखतंय? उजवीकडे की डावीकडे?"

"ताप नाही. त्यांनी पाहिलं हात लावून. त्याही तेच विचारत होत्या, कुठे दुखतंय, दाखव. मला दाखवता येईना. सांगायला शब्द सापडेना. इतकी भाषा येते मला, ऑफिसात भांडते मी त्या भाषेत, आणि हे सांगायला शब्द नाही. त्या म्हणाल्या, तुझ्या भाषेत सांग. सांगितलं. त्यांना अर्थातच कळलं नाही. त्या म्हणाल्या, मग जिला कळेल तिला फोन कर. आज मला दुकानात बसवलं, दार लावून घेतलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभ्या राहिल्यात. काचेतून पाहतायत."

"काय सांगितलंस त्यांना?"

पलीकडून शिवणयंत्रावरून हात फिरवल्यासारखी बारीकशी खरखर आली.

"मला करमत नाहीये, आई. आले त्या दिवसापासून."

दीड वर्ष. अठ्ठ्याहत्तर रविवार मी तिच्याशी बोलले होते. दर रविवारी ती फोन फिरवून मला घर दाखवायची, खिडक्या, भांडी, लखलखीत ओटा, आणि मी म्हणायची, किती छान ठेवलंयस गं घर.

हे दारात येऊन उभे राहिले होते. मी त्यांना हाताने खूण केली, बसा. ते माझ्याजवळ स्टूल ओढून बसले.

"तू आहेस ना?" लेक म्हणाली.

"आहे. सांग."

ती सांगू लागली. मध्ये रडली, मध्ये थांबली, एकच गोष्ट दोन-दोनदा सांगितली, मराठीत मध्येच तिकडचे शब्द घुसडले, लिंग-वचन चुकवलं. पाऊण तास ती बोलत होती आणि मी नुसतं हूं म्हणत होते. मग तिने विचारलं, "तू एवढी गप्प का आहेस? काही होतंय का तुला?"

"हो," मी म्हटलं. "मलाही."